चुकलेला डबा : चित्रपटांतला योगायोग, नियती आणि प्रेम



विवाहपूर्व शिबिरात मी तरुण जोडप्यांना नेहमी एक साधा प्रश्न विचारतो, "तुम्ही दोघे भेटलात कसे?" उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दाने सुरू होते : "फादर, योगायोगानेच." कोणाची बस चुकलेली असते. कोणी चुलतभावाच्या लग्नाला जायचे नाही असे ठरवून आयत्या वेळी गेलेले असते. कोणाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी शेजारचे टेबल मिळालेले असते. सांगताना चेहरे उजळतात. त्याच आठवड्यात कुठे तरी मयत झालेले असते, आणि तिथे सांत्वनाला आलेली माणसे दुसरा शब्द वापरतात : "नशिबात होते." किंवा, "देवाचीच इच्छा." सुखाला योगायोग आणि दुःखाला नशीब, अशी आपण वाटणीच करून टाकली आहे.

ही वाटणी आपण शिकलो कुठे? धर्मशिक्षणाच्या वर्गात नक्कीच नाही. माझ्या मते बरीचशी आपण सिनेमात शिकलो. आजोबांनी तंबूत पाहिला, वडिलांनी थिएटरात पाहिला, मुले मोबाईलवर पाहतात. पण गोष्ट तीच : दोन माणसे अचानक भेटतात, काही तरी आडवे येते, आणि मग प्रेम जिंकते किंवा हरते. म्हणून या रविवारी अभ्यासासाठी चित्रपटच घेऊ. ज्यांनी पुढचे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी आधीच क्षमा करावी, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आधी थोडे तत्त्वज्ञान. घाबरू नका, एका परिच्छेदात आटोपतो.

ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी योगायोगाचे एक उदाहरण दिले आहे. एक माणूस आपल्या कामासाठी बाजारात जातो. तिथे त्याला नेमका तोच गृहस्थ भेटतो, ज्याच्याकडून त्याला पैसे येणे आहेत. पैसे वसूल होतात. दोघांपैकी कोणीही त्यासाठी आलेला नव्हता. प्रत्येकाच्या येण्याला कारण होते. भेटीला मात्र स्वतःचे असे वेगळे कारण नव्हते. म्हणजे योगायोग हा कारणाशिवाय घडलेला प्रकार नव्हे, तर दोन वेगळ्या कारणांच्या वाटा एकमेकींना छेदतात ती जागा. शीळफाट्यावर राहणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. कल्याणहून येणारा रस्ता आणि मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता इथे मिळतात. दोन्हींवरून जाणारा प्रत्येक जण आपापल्या कामाला निघालेला असतो. कोण कोणाला भेटेल, कोण कोणाला धडकेल, हे त्यांच्या कामाच्या यादीत नसते. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी या विचारात एक भर घातली. समजा, एका धन्याने आपल्या दोन नोकरांना एकाच ठिकाणी पाठवले, पण एकाला दुसऱ्याविषयी काही सांगितले नाही. नोकर एकमेकांना पाहून चकित होतील. त्यांच्या दृष्टीने तो योगायोगच. धन्याच्या दृष्टीने तो योगायोग नाही.

आता गंमत अशी की चित्रपटात हा धनी आपल्याला ठाऊक असतो. तो म्हणजे दिग्दर्शक. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये तीन भाऊ लहानपणी एकाच दिवशी हरवतात. एक पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो, एक मुस्लिम शिंप्याच्या घरी, आणि एक चर्चमध्ये फादरांपाशी. (आमच्या फादरांनी त्याला काय वळण लावले ते पडद्यावर दिसतेच, पण पोरगा मनाने चांगला निघाला.) मोठे झाल्यावर तिघे एकाच वेळी इस्पितळात शेजारी शेजारी झोपून एका अनोळखी बाईला रक्त देतात आणि ती बाई त्यांची जन्मदाती निघते. तीन नळ्यांतून रक्त निघून एकाच वेळी आईच्या शरीरात जाते. वैद्यकशास्त्राला हे मान्य होणार नाही, पण प्रेक्षकांना झाले. का झाले? कारण मनमोहन देसाई हा धनी भला आहे, आणि त्याने पाठवलेले नोकर शेवटी एकमेकांना भेटणारच, हा भरवसा तिकीट काढतानाच आपल्याला होता. असा भरवसा ठेवायला माणसाचे मन किती आसुसलेले असते, हे त्या एका दृश्याच्या लोकप्रियतेवरून कळते. त्यात हसण्यासारखे आहे, तसे विचार करण्यासारखेही आहे.

परंतु असे चित्रपट योगायोगावरच थांबतात. रक्ताचे नाते उघड झाले की गोष्ट संपली. प्रेमाचा खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. तो मला सर्वांत स्वच्छ दिसला २०१३ साली आलेल्या रितेश बत्रा यांच्या 'द लंचबॉक्स' या चित्रपटात. त्यातला नायक आपल्यातलाच आहे : साजन फर्नांडिस, वांद्र्याचा, विधुर, सरकारी कचेरीत पस्तीस वर्षे हिशेब तपासून निवृत्तीला टेकलेला. इरफान खान यांनी तो असा उभा केला आहे की मिस्साला शेवटच्या बाकावर बसून शांतिविधीच्या आधीच निघून जाणारे एखादे गृहस्थ डोळ्यांपुढे यावेत.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मालाडला राहणारी इला नवऱ्याचे मन पुन्हा आपल्याकडे वळावे म्हणून मन लावून स्वयंपाक करते. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू खिडकीतून ओरडून मसाले सुचवतात. डबा निघतो आणि चुकून साजनच्या टेबलावर पोहोचतो. मुंबईत डबे पोहोचवण्याचे काम १८९० पासून, म्हणजे महादू हावजी बच्चे यांच्यापासून चालत आले आहे. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतली माणसे ते इतके चोख करतात की त्यांच्या हातून डबा चुकला हे चित्रपटातला डबेवालाही शेवटपर्यंत कबूल करत नाही. चूक एवढी दुर्मीळ, म्हणूनच तो योगायोग.

संध्याकाळी नवरा म्हणतो, फ्लॉवरची भाजी छान होती. इलाने फ्लॉवर केलेलाच नव्हता. तिला कळते की डबा दुसऱ्याच कोणी खाल्ला आणि चाटूनपुसून खाल्ला. आता इथे जरा थांबा, कारण सगळा चित्रपट या जागी वळतो. दुसऱ्या दिवशी इला काय करते? डबेवाल्याला दटावून पत्ता दुरुस्त करणे सोपे होते. ती तसे करत नाही. डबा चुकीच्याच माणसाकडे जाणार हे ठाऊक असून ती तो भरते आणि पोळ्यांबरोबर एक चिठ्ठी ठेवते. पहिला डबा चुकून गेला, दुसरा जाणून गेला. पहिल्या डब्याबद्दल इलाचे काही श्रेय नाही, दुसऱ्याबद्दल आहे. साजनचे पहिले उत्तर काय येते? आज मीठ जास्त पडले होते. प्रेमकथेची अशी सुरुवात दुसऱ्या कोणत्या हिंदी चित्रपटात मला आठवत नाही!

मग चिठ्ठ्या वाढत जातात. एका चिठ्ठीत साजन स्वतःच्या थडग्याची गोष्ट सांगतो. बायको गेली तेव्हा तिला आडवी जागा मिळाली होती. आता स्वतःसाठी चौकशी केली तर उभ्याने पुरण्याची जागा देऊ केली. जन्मभर लोकलमध्ये आणि बसमध्ये उभा राहिलो, मेल्यावरही उभेच राहायचे, असे तो लिहितो. मुंबईच्या कबरस्तानातल्या जागेची अडचण ज्यांनी सोसली आहे त्यांना हा विनोद थोडा जास्तच लागेल. पण पाहा, ज्याला कोणाशी दोन शब्द बोलायचे नव्हते, गल्लीतल्या पोरांना जो दारातून हाकलत होता, तो माणूस एका अनोळखी बाईला आपल्या मरणाविषयी लिहू लागला. आणि पुढे एवढेच नाही. कचेरीत त्याच्या हाताखाली आलेला शेख नावाचा अनाथ तरुण, ज्याला तो टाळत होता, त्याच्या लग्नात नवऱ्या मुलाकडचा एकुलता एक नातेवाईक म्हणून साजन उभा राहतो. डब्याची चूक शेखपर्यंत पोहोचलेली नव्हती. तिथवर पोहोचले ते साजनचे बदललेले मन. शेख त्याला आपल्या आईच्या नावावर सांगतो की कधी कधी चुकीची गाडीही योग्य ठिकाणी नेऊन सोडते. अनाथाला आई कुठली? साजन तसे विचारतो. शेखचे म्हणणे, आईचे नाव घेतले की बोलण्याला वजन येते.

हे वाक्य लोकांनी फार उचलून धरले. मला मात्र ते अर्धेच खरे वाटते. चुकीची गाडी आपोआप कुठेच योग्य ठिकाणी नेत नाही. इला भेटायला बोलावते तेव्हा साजन हॉटेलात येतो, तिला लांबून पाहतो, ती तरुण आहे, आपण म्हातारे झालो असे मनाशी म्हणतो आणि न भेटताच परत जातो. योगायोगाने आपले काम पुरे केले होते. उरलेले पाऊल माणसाने टाकायचे होते, ते त्याने टाकले नाही. तो नाशिकला निघतो आणि अर्ध्यातून परत फिरतो. शेवटी तो डबेवाल्यांबरोबर गाडीत बसून तिचे घर शोधायला चाललेला दिसतो. ते सापडले की नाही हे दिग्दर्शक सांगत नाही. इथला धनी दार उघडून बाजूला उभा राहतो.

पवित्र शास्त्रात हीच गोष्ट एका शेतात घडते. रूथ ही मवाबी विधवा परक्या गावात सरवा वेचायला निघते आणि तिच्या नकळत बवाजाच्या शेतात येऊन पोहोचते. मूळ हिब्रूत 'योगायोग' या अर्थाचा शब्द तिथे जणू दुहेरी वापरला आहे, इतका लेखकाला तो योगायोग ठसवायचा आहे. परंतु रूथ त्या शेतात पोहोचली ती घरी बसून नव्हे. त्याआधीच्या अध्यायात तिने म्हाताऱ्या सासूला, नामीला, एकटे सोडायचे नाही असे ठरवलेले आहे. तिला परत माहेरी जाता येत होते. दुसरी सून गेली, आणि तिला शास्त्र दोष देत नाही. रूथ राहिली, पोटासाठी बाहेर पडली, आणि वाटेत बवाजाचे शेत लागले. प्रेम आधी होते, ते सासूवरचे. योगायोग नंतर आला.

सिनेमाचा जन्मच आपल्याकडे असा झाला, हे या निमित्ताने सांगण्यासारखे आहे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्या दिवशी ते दुसऱ्या तंबूत शिरले असते तर? असो. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पण मधल्या काळात दागिने गहाण पडले, घरातल्या वस्तू गेल्या, फाळक्यांचे डोळे जायची वेळ आली, आणि सरस्वतीबाईंनी घरची एवढी माणसे जेवू घालून रात्री फिल्मच्या पट्ट्यांना भोके पाडायचे काम केले. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त हे हसतखेळत दाखवले आहे. फाळक्यांना तो मूकपट योगायोगाने दिसला. सरस्वतीबाई योगायोगाने जागल्या नाहीत. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात पहिली प्रेमकथा कोणती, असे मला कोणी विचारले तर मी पडद्यावरची सांगणार नाही, या घरातली सांगेन.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. योगायोग गोड असतो तेव्हा प्रश्न पडत नाहीत. तो जिवावर बेततो तेव्हा पडतात.

पोलंडचे दिग्दर्शक क्षिश्तोफ किश्लोव्स्की यांनी १९८१ मध्ये 'ब्लाइंड चान्स' नावाचा चित्रपट केला. तिथल्या सरकारने तो अडवून ठेवला आणि तो १९८७ साली लोकांपुढे आला. विटेक नावाचा वैद्यकीय विद्यार्थी सुटलेली गाडी पकडण्यासाठी फलाटावरून धावतो. चित्रपट ही धाव तीनदा दाखवतो. एकदा तो गाडी पकडतो, आत एक जुना कम्युनिस्ट भेटतो आणि विटेक पक्षात जातो. एकदा गाडी चुकते, रेल्वेच्या शिपायाशी झटापट होते, शिक्षा होते, तिथून तो सरकारविरोधी गुप्त चळवळीत ओढला जातो आणि बाप्तिस्मा घेतो. एकदा गाडी चुकते पण फलाटावर कॉलेजातली मैत्रीण उभी असते. तो तिच्याशी लग्न करतो, डॉक्टर होतो, कोणत्याच बाजूला जात नाही. तिन्ही जन्मांत त्याला प्रेम मिळते, वेगवेगळ्या स्त्रीचे. आणि तिसऱ्या, सर्वांत शांत जन्मात तो ज्या विमानात बसतो त्याचा आकाशात स्फोट होतो. पडदा काळा होतो. (इंग्रजी 'स्लाइडिंग डोअर्स' आणि जर्मन 'रन लोला रन' हे १९९८ चे दोन चित्रपट याच वाटेने गेले. ते अधिक रंजक आहेत; हा अधिक खोल आहे.)

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तेव्हा मला पोलंड आठवला नाही, दिवा स्थानक आठवले. आपल्यातले कितीतरी जण रोज तशीच धाव घेतात. गाडी मिळाली तर मस्टरवर वेळेत सही, चुकली तर साहेबांचे बोलणे. आणि ९ जून २०२५ च्या सकाळी, दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये, वळणावर, दोन विरुद्ध दिशांच्या लोकलमधले दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. काहींचा जीव गेला. त्यानंतर कित्येक घरांत एकच वाक्य ऐकू आले असेल : "मी रोज त्याच गाडीने जातो, त्या दिवशी नेमका गेलो नाही." ज्याने हे वाक्य म्हटले त्याला देवाने वाचवले असे वाटणे स्वाभाविक आहे, त्याने आभार मानावेत. पण मग जे पडले त्यांना देवाने ढकलले काय? असा अर्थ निघणार असेल तर आपण बोलताना जपले पाहिजे. कोण कोणत्या गाडीत चढला, हा योगायोग. दारात लटकल्याशिवाय कामावर पोहोचता येऊ नये, हा योगायोग नाही. गर्दी रोजची आहे, वळण रोजचे आहे, आणि ते सर्वांना माहीत आहे.

असेच आपल्या अगदी दाराशी घडले होते. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. ७४ जीव गेले. त्यांत मजुरांची कुटुंबे होती, लहान मुले होती. इमारत बेकायदा होती, वरचे बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर माणसे राहायला आली होती. बांधणाऱ्यांबरोबर महापालिकेच्या आणि पोलीस खात्याच्या काही जणांनाही अटक झाली. तरी त्या दिवसांचा विषय निघाला की अजूनही कोणी तरी म्हणते, "त्यांची वेळ भरली होती." वेळ नव्हती भरली. खांब कच्चे होते.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूपुढे असाच विषय निघतो. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. लोकांची समजूत अशी, की ती माणसे जास्त पापी असली पाहिजेत. येशू ते स्पष्ट नाकारतो, आणि मेलेल्यांचा हिशेब सोडून जिवंत असलेल्यांना आपल्या वागण्याकडे पाहायला सांगतो. बुरूज का पडला याचे गूढ कारण तो देत बसत नाही. संत थॉमस यांचे धन्याचे उदाहरण ज्यांना आवडले त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की त्यांच्याच शिकवणीप्रमाणे देवाची योजना माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही. आपण केलेले आपणच केलेले राहते. सिमेंटात रेती कोणी जास्त घातली असेल तर ती देवाच्या नावावर लिहिता येणार नाही.

यश चोप्रांच्या १९६५ च्या 'वक्त'मध्ये लाला केदारनाथ ज्योतिषाला हसतो, आपले भाग्य आपल्या हातात आहे अशी फुशारकी मारतो, आणि त्याच रात्री भूकंप होऊन घर उद्ध्वस्त होते, बायकामुले दुरावतात. ही नियती जुन्या पद्धतीची : माणूस गर्विष्ठ, काळ बलवान. भूकंपाला कोणी गुन्हेगार नसतो, म्हणून आपण तो पाहून मान खाली घालतो आणि घरी जातो. २०१६ च्या 'सैराट'नंतर असे घरी जाता आले नाही. नागराज मंजुळे यांनी पहिला भाग गाण्यांनी भरून टाकला. विहीर, ऊस, बुलेट, सगळे काही. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. तिथे त्यांना एका संकटात सुमनअक्का भेटते आणि आसरा देते. तो योगायोग आणि तो चांगला. ते भांडतात, सावरतात, लग्न नोंदवतात, मूल होते, घर घ्यायचे स्वप्न पाहू लागतात. आर्ची आईला फोन करते. मग माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात, आर्ची त्यांना चहा देते, आणि पुढे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारणीकडून परत आलेले मूल रक्तातून चालत बाहेर येते, जमिनीवर पावले उमटतात, आवाज बंद झालेला असतो.

पुष्कळांनी तेव्हा म्हटले, "बिचाऱ्यांचे नशीब." माझा या शब्दाला इथे ठाम विरोध आहे. 'वक्त'मधला भूकंप आणि 'सैराट'मधली ती माणसे यांना एकाच शब्दात बसवू नये. ती माणसे गाडीत बसून, पत्ता शोधून, भेटवस्तू निवडून आली होती. वाटेत कोणत्याही नाक्यावर त्यांना परत फिरता आले असते, जसा साजन फर्नांडिस नाशिकच्या वाटेवरून फिरला. नियती म्हणून जे आपण दाखवतो त्यातले बरेचसे जात, हुंडा, घराण्याची अब्रू या नावांनी आपल्या स्वयंपाकघरात ठरलेले असते. आणि आपण ख्रिस्ती आहोत म्हणून यातून मोकळे आहोत असे कोणी समजू नये. मुलीने आणलेले स्थळ नाकारताना "मुलगा चांगला आहे हो, पण..." एवढे म्हणून आपण थांबतो, तेव्हा त्या 'पण'नंतरचा शब्द कोणता असतो, हे ज्याने त्याने आठवावे.

आणखी एका चित्रपटाविषयी लिहायचे राहिले, आणि खरे तर तोच माझ्या मनात जास्त दिवस राहिला आहे. नीरज घेवान यांचा 'मसान', २०१५ चा. काशीच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम समाजातला दीपक शालू नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. तिची जात वरची. तिच्यावर कविता आवडणारी साधी माणसे प्रेम करतात तसे तो करतो, भीत भीत. ती त्याचे सगळे ऐकून घेते आणि त्याची साथ द्यायची ठरवते. मग तिच्या कुटुंबाची बस अपघातात सापडते. रात्री घाटावर मृतदेह येऊ लागतात, दीपक कामाला लागतो, आणि एका हातातल्या अंगठीवरून त्याला कळते की पुढचे प्रेत कोणाचे आहे. इथे जात नाही, तलवार नाही, कोणी गुन्हेगार नाही. निव्वळ अपघात. इथे दीपकला काय सांगणार? मला विचाराल तर काही सांगू नये, त्याचे मित्र बसतात तसे त्याच्याजवळ बसावे.

त्या अंगठीचे पुढे काय होते ते पाहा. दीपक ती जपून ठेवतो आणि एके दिवशी दुःखाच्या भरात गंगेत फेकतो. नदीत बुड्या मारणारा एक पोरगा ती वर काढतो आणि एका गांजलेल्या म्हाताऱ्याला देतो, ज्याला पोलिसाची खंडणी भागवून आपल्या मुलीची, देवीची, अब्रू वाचवायची आहे. तिचे पैसे होतात, देवी मोकळी होते. शेवटी संगमाच्या काठावर दीपक आणि देवी एकमेकांना भेटतात, एका नावेत बसतात. शालूच्या अंगठीने या मुलीला सोडवले हे दीपकला ठाऊक नाही, देवीलाही नाही. फक्त आपल्याला, खुर्चीत बसलेल्यांना ठाऊक आहे.

देवाच्या योजनेविषयी इतकी सावध आणि इतकी आदराची गोष्ट मी फार थोड्या प्रवचनांत ऐकली आहे. आणि चित्रपट धार्मिक मुळीच नाही. तो असे म्हणत नाही की देवी सुटावी म्हणून शालू मेली. असे म्हणणे क्रूरपणाचे झाले असते. अपघात अपघातच राहतो, दुःख दुःखच राहते. पण दुःखातून निसटलेली एक वस्तू कोणाच्या तरी हाती लागते, आणि तो पोरगा ती स्वतःच्या खिशात न घालता देऊन टाकतो. पुन्हा तेच : अंगठी सापडली हा योगायोग, दिली हे त्याचे मन.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही 'योगायोगाने' असा शब्द येतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तो शोमरोन्यासाठी आलेला नाही. त्या वाटेने योगायोगाने चालला होता तो याजक, आमच्या पेशाचा माणूस, आणि तो बाजूने निघून गेला. शोमरोन्याच्या बाबतीत लेखक योगायोगाचा उल्लेख करत नाही. त्याला कळवळा आला, एवढेच सांगतो.

आता घरी काय पाहावे याविषयी दोन शब्द, कारण काही पालकांनी तसे विचारले होते. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' मुलांसकट सर्वांनी पाहावा. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी सतीश राजवाडे यांचा २०१० चा 'मुंबई-पुणे-मुंबई' एकत्र बसून पाहायला हरकत नाही. पुण्याला मुलगा पाहायला, खरे तर नाकारायला, आलेली मुलगी एका अनोळखी तरुणाबरोबर दिवसभर फिरते आणि तो अनोळखी तरुण म्हणजे तोच मुलगा निघतो. हलकाफुलका आहे, पण जमवलेल्या लग्नातही 'हो' आपल्याच तोंडाने म्हणावे लागते हे त्यात छान आले आहे. 'सैराट'चा शेवट लहान मुलांसाठी नाही. मोठ्यांनी मात्र तो वगळू नये. 'मसान' प्रौढांसाठीच आहे, आणि घरात नुकतेच कोणी गेले असेल तर काही महिने थांबा. 'द लंचबॉक्स' जेवणानंतर पाहा, आधी पाहिलात तर भूक लागेल. आणि शेवटी दिवे लावायची घाई करू नका. गाडीत डबेवाले भजन म्हणत असतात, त्यांच्यामध्ये साजन बसलेला असतो. ते भजन संपू द्या.